मी उठलो की बंद पडणारं इंजिन

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतो आहे, लिहीत कधी नव्हतो. खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसायचोसुद्धा. मी मिस्त्री माणूस. फुलचूरला रोडला लागून माझं गॅरेज आहे. पाण्याच्या मोटरी, पॉवर टिलर, फवारणीचे पंप, गवत कापायच्या मशिनी, जे येईल ते. इंजिन बंद पडलं तर पेट्रोल मिळत नसतं, नाहीतर करंट, नाहीतर हवा. शोधलं की सापडतं. तीस वर्षांत न सापडलेलं असं काही नव्हतं.

माझं मराठी गोंदियाचं आहे, मधेच हिंदी घुसतं, सांभाळून घ्या. आणि वाचून माझ्याबद्दल वाईट मत झालं तर ते बरोबरच असेल.

मागच्या डिसेंबरात नागऱ्याच्या रोडवरच्या एका बंगल्यातून बोलावणं आलं. राइस मिलवाल्या शेठचा बंगला. शेठ आता नाहीत. त्यांचा पुतण्या मागच्या मोकळ्या जागेत लग्नाचं लॉन काढतो आहे. म्हणाला, "मिस्त्रीजी, वो चाचाजी का छोटा ट्रॅक्टर पडा है. देख लो, बनता है क्या. नहीं तो भंगार में दे देंगे."

तो ट्रॅक्टर मला माहीत होता. शेठनं कुठल्याशा कॉलनीच्या लिलावातून आणलेला, परदेशी बनावटीचा, बागेत चालवायचा. दिसायला खेळण्यासारखा, पण पुढचा अॅक्सल ओतीव लोखंडाचा, सिलेंडर एकच पण हा एवढा, आणि पोटाखाली गवत कापायच्या पात्यांचा चपटा डबा. चार माणसांना हलत नसे. त्याला हात लावणारा गोंदियात तेव्हा मी एकटाच होतो.

खरं तर "वेळ नाही" म्हणायला पाहिजे होतं. पण माझ्याऐवजी दुसऱ्या कुणी तो उघडून बघावा, हे मला नको होतं. का, ते पुढे लिहितो...

शेडमध्ये जाऊन बघितला. बॉनेटखाली उंदरांनी बारदान्याचं घर केलेलं. टाकीत पेट्रोल सुकून डांबरासारखं चिकट झालेलं. टायर चारही बसलेले. पण प्लग काढून सिलेंडरमध्ये थोडं तेल सोडलं, दुसऱ्या दिवशी फ्लायव्हील हातानं फिरवलं तर फिरलं. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला, तर हवेनं अंगठा फेकून दिला. म्हणजे कॉम्प्रेशन होतं. ऑइल काळं, पण बोटांवर चोळलं तर लोखंडाचा कण लागला नाही. मी पुतण्याला सांगितलं, बनेल. ट्रॅक्टर गॅरेजला आला.

पंधरा-वीस दिवस लागले. कार्बोरेटर उकळून साफ केला, पॉइंट नवे टाकले, हेड उघडून गॅस्केट बदललं. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, म्हणून सगळंच उपटून फेकलं. चाचणीपुरती एकच वायर टाकली - बॅटरीवरून चावीला, चावीवरून ठिणगीच्या कॉइलला. मधे काही नाही. पात्यांचा डबा काढून भिंतीला टेकवलेला. सीट शिवायला दिलेली, तिच्या जागी नुसता पत्रा. त्यावर बारदाना टाकून मी बसलो. हे इतकं बारीक लिहितो आहे, कारण सगळं त्यावरच आहे.

दुसऱ्याच फटक्यात इंजिन सुरू झालं. आधी निळा धूर, मग साफ. सकाळचे अकरा वाजलेले, समोर रोड चालू. पाच मिनिटं बसून आवाज ऐकला, छान ठोका होता. मग कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायला उठलो.

बंद.

खोकलं नाही, धडपडलं नाही. कुणी चावी फिरवावी तसं बंद.

परत बसून सुरू केलं. चालू. उठलो... बंद. असं सात-आठ वेळा. मला घाम फुटला, पण तो अजून भीतीचा नव्हता. वाटलं, माझं वजन निघालं की पत्रा हलत असेल, वायर सुटत असेल. वायर बदलली. कॉइल बदलली, बॅटरी दुसरी लावली. तेच. शेवटी बाजूच्या वेल्डिंगवाल्या शामलालला हाक मारली. तो माझ्यापेक्षा बारा-पंधरा किलो जड.

"शामलाल, जरा बस याच्यावर. आता उठ."

तो उठला. इंजिन चालूच. चार वेळा उठला-बसला, चालूच. मग धानाचं पोतं पत्र्यावर ठेवलं, उचललं. चालू. मी बसलो, उठलो. बंद.

शामलाल पोट धरून हसला. "अबे, तुझ्या बुडात करंट आहे काय बे? तुलेच कायले ओळखते हे?"

मी टेस्टलॅम्प काढला. कॉइलला लावून शामलालच्या हातात दिला. मी बसलेलो - दिवा लागलेला. मी उठलो - दिवा गेला. चावी चालूवर, वायर अखंड, आणि कॉइलला करंट नाही. बसलो, दिवा लागला. तिसऱ्यांदा शामलालनं दिवा खाली ठेवून दिला. हसत नव्हता.

"भाऊ," तो म्हणाला, "हे आपलं काम नाही. वापस देऊन टाक याले."

त्याला वाटलं मी घाबरलो. घाबरलो तर होतोच. पण त्याला जे माहीत नव्हतं, ते मला माहीत होतं.

या ट्रॅक्टरच्या सीटखाली एक स्विच असायचा, आता वायरिंगबरोबर तोही फेकलेला. पाती फिरत असताना चालवणारा उठला, की स्विच सुटायचा आणि इंजिन बंद. कुणाचा हात-पाय पात्यांत जाऊ नये म्हणून. अठरा वर्षांपूर्वी तो बिघडला. खड्ड्यात चाक गेलं, माणूस जरा उसळला, की इंजिन बंद पडायचं. शेठकडे पाहुणे येणार होते, मुनीम मागे लागलेला. स्विच नागपूरशिवाय मिळणार नव्हता. आम्ही मिस्त्री लोक जे करतो तेच मी केलं, दोन वायरी एका तुकड्यानं जोडून डायरेक्ट केलं. आठ-दहा दिवसांची तर गोष्ट.

ट्रॅक्टर चालवायचे सुखदेवभाऊ, बंगल्याचे माळी. मी काम उरकलं तेव्हा ते जेवायला गेले होते. थांबून सांगायला पाहिजे होतं की भाऊ, आता उठल्यावर बंद होणार नाही. मला दुसरीकडे जायचं होतं. उद्या सांगू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओलं गवत डब्यात अडकलं. ते रोजच्यासारखे उठले, इंजिन बंद पडेलच या सवयीनं खाली वाकले, आणि हात घातला. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

मशीन बघायला मलाच बोलावलं. सुखदेवभाऊंना दवाखान्यात नेलं होतं, मुनीम फोनवर बोलत होता. तेवढ्यात मी तो वायरचा तुकडा काढून खिशात घातला आणि जुना स्विच परत जोडला. जोडाच्या खुणा मात्र वायरींवर राहिल्याच, जाणत्या मिस्त्रीला त्या दिसल्या असत्या. मुनीम आला, त्याला करून दाखवलं. हे बघा, उठलं की बंद होते. मशीन ठीक आहे.

"मग त्याचा हात कसा गेला? पिऊन होता काय?"

मी तुकडा असलेल्या खिशावर हात ठेवला. मग म्हणालो, "वास तर येऊन राहिला होता सकाळी."

त्या सकाळी मी त्यांना बघितलंसुद्धा नव्हतं.

सुखदेवभाऊ बौद्ध. गावच्या विहारात दर रविवारी वंदना तेच घ्यायचे, ते पुढे म्हणायचे आणि लोक मागून. दारू न पिणं त्यांच्या पंचशीलातच, कधी शिवले नाहीत. दिवाळीत शेठ कामगारांना बाटल्या वाटायचा, तेव्हा त्यांच्या वाट्याची बाटली ते मला देऊन टाकायचे. म्हणजे मला माहीत होतं. जगात कुणाला माहीत नसेल इतकं मला माहीत होतं.

त्यांचं काम गेलं. बातमी गावापर्यंत गेली. मी त्यांना पुन्हा भेटलो नाही. गोंदियाच्या बाजारात एकदा लांबून दिसले, मी गल्लीत वळलो. बायकोला सांगितलं नाही, कुणालाच नाही.

टेस्टलॅम्प विझलेला बघितला त्याच दुपारी मी मोटरसायकल काढली. आमगावकडचं गाव आहे, नाव लिहीत नाही. सुखदेवभाऊ घरामागच्या वाडीत वांग्यांना पाणी देत होते. पाइप डाव्या हातात. डोक्याचे केस सगळे पांढरे.

"या जी मिस्त्री," ते म्हणाले. "लय वर्षांनं. कायले आलात एवढ्या दूर?"

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बसलो असतो तर जमलं नसतं. वायर, खिसा, मुनीम, वास. ट्रॅक्टरचंही सांगितलं. ते पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवत राहिले. मला वाटलं, ऐकू येत नाही की काय. मग त्यांनी पाइप खाली ठेवला.

"म्हंजे त्या दिवशी मी उठलो होतो?"

मला प्रश्नच कळला नाही.

"सीटवरून. मी उठलोच होतो नं?"

"हो भाऊ. तुम्ही उठलाच होतात. स्विच मी डायरेक्ट केला होता, म्हणून बंद झालं नाही."

"मले आठवे का मी उठलो. पन सारे म्हनत, उठला असता तं मशीन बंद झाली असती. तुमी करून दाखवलं म्हने. मंग मीच म्हनलो, माझ्याच डोक्यात काही फरक आहे. अठरा वर्षं मी माझ्या डोक्यावर भरोसा नाई ठेवला जी. गॅस बंद केला का, दरवाजा लावला का... हिले इचारतो दहादा."

त्यांची बायको मागच्या दारात येऊन उभी होती. कधीपासून, माहीत नाही. सुखदेवभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "वायरचं समजलो. घाई होते मानसाले. पन वासाचं काऊन बोलले?"

मी म्हटलं, "मला माझ्यावर येऊ द्यायचं नव्हतं."

"विहारात कोनी मले काही बोललं नाई. एक शब्द नाई. मीच मांगच्या रांगेत जाऊन बसलो. पुढं उभं राहून पंचशील कोन्या तोंडानं म्हनू?"

मी रडायला लागलो. त्यांची बायको तिथूनच म्हणाली, "आता रडून कोनाले दाखवून राहिले? इथं वांगे आहेत फक्त. आइतवारी या. आठ वाजता, विहारात. जे सांगितलं ते तिथं सांगा, सगळ्यायच्या समोर. वासाचंबी."

"येतो वैनी."

"येतो म्हनून नाई. या."

गेलो. त्या चार दिवसांत दोनदा ठरवलं होतं की जायचं नाही. ताप आला म्हणून निरोप पाठवायचा. तीस-चाळीस माणसं होती, पांढऱ्या कपड्यांत, बायका एका बाजूला. वंदना झाल्यावर तिथल्या वडीलधाऱ्या एका माणसानं मला बोलायला सांगितलं. मी पाच मिनिटांत सांगितलं असेल. वासाचं सांगताना आवाज गेला, तर मागून कुणीतरी म्हणालं, "आयकू येत नाई जी, जोरानं बोला." परत सांगावं लागलं. जोरानं.

कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या वडीलधाऱ्यानं मागं बघून म्हटलं, "सुखदेवभाऊ, पुढं या. शेवटची गाथा तुमी म्हना."

ते उठले नाहीत. "आज नाई," म्हणाले. "लय वर्षं झाले पुढं म्हनून. घरी म्हनून पाहतो आधी."

ट्रॅक्टर नंतर पूर्ण झाला. सीट शिवून आली, नागपूरहून तसाच बसणारा स्विच आणला आणि सीटखाली पक्का लावला. वायरिंग नवं, बेअरिंग नवी, पात्यांना धार. पुतण्याकडे पोचवला, त्याच्या नव्या माळ्याला स्वतः उठून-बसून तीनदा दाखवलं. आता पाती फिरत असताना कुणीही उठलं की इंजिन बंद होतं. तसंच व्हायला पाहिजे. त्यामुळे ते माझ्यासाठी वेगळं बंद होत होतं की नाही, हे आता कळायचा मार्ग नाही. शामलाल म्हणतो, "एकदा डायरेक्ट करून बघ नं, दोन मिनिटं लागतील." मी ते करणार नाही.

गॅरेजला येणारे दोन-तीन मिस्त्री मित्र, एक आयटीआयचे सर, सगळ्यांना विचारलं. कुणी म्हणतं अर्थिंग, कुणी म्हणतं तुझ्या मनाचं. मनाचं असेल. पण टेस्टलॅम्प शामलालच्या हातात होता, आणि माझ्या मनातलं त्याला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मला कारण सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा.

एक लिहायचं राहिलं. टाळत होतो. त्या रविवारी मी निघालो तेव्हा सुखदेवभाऊ माझ्यामागून विहाराच्या पायऱ्यांपर्यंत आले. म्हणाले, "मिस्त्री, एक गोष्ट खरी सांगा. ते मशीन बंद पडलं नसतं, तं तुमी आले असते काय?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी मान हलवली, चप्पल पायात सरकवली आणि घराकडे चालू लागले.