कडेने धरलेली शिवराई

घर सोडताना आईने देव्हाऱ्यातली शिवराई, शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, माझ्या हातावर ठेवली होती. मुंबईत जीव घाबरा झाला, की मी ती खिशातल्या खिशात अंगठ्याने चोळत बसे. आणि संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत जीव रोजच घाबरे. आज मोर्चा, उद्या आमची गिरणी बंद.

गिरगावात एक म्हातारे गृहस्थ फूटपाथवर जुनी नाणी मांडून बसत. प्रत्येक नाणं दोन बोटांनी कडेने धरून उन्हात फिरवत. एकदा धीर करून मी त्यांना शिवराई दाखवली. ते चिडलेच.

"कशाने घासलीस रे ही?"

"अंगठ्याने. काळजी वाटली की..."

"इतक्या पिढ्या टिकली, ती तू झिजवतोयस! 'श्री' तर गेलंच. काळजी करायचीच ना? मग कड धरून कर."

मग त्यांनी उरलेली अक्षरं माझ्याकडूनच वाचून घेतली. चौथीत शाळा सुटल्यापासून मला कुणी वाचायला बसवलं नव्हतं.

"राजा... शिव," मी वाचलं.

"बघ, येतंय की!"

त्यांचं नाव विचारायचं राहिलंच. अजूनही धीर सुटला की हात खिशात जातो, पण अंगठा कडेवरच फिरतो. 'शिव' अजून वाचता येतं.