गोविंदाचा पहिला पेला

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. तुम्हाला का सांगतो आहे ते विचारू नका – मलाच नीट ठाऊक नाही.

मी पागेतला कारकून, घोड्यांची दाणावैरण बघणारा. घर सदाशिव पेठेत. आमच्या पुण्यात दारूला बंदी, आणि ब्राह्मणाच्या पोराच्या तोंडाला नुसता वास आला तरी आधी आळीभर बातमी, मग चौकशी. म्हणून आम्ही चांगले होतो. चांगलं असायला आम्हाला दुसरं कारण कधी लागलंच नाही.

मोहिमेवर सगळंच उलटं. कृष्णेपलीकडे गेल्यावर कोण कोणाची शेंडी बघतो? दिवसभर घोडदौड, अंगात ओल, उद्याचा भरवसा नाही. संध्याकाळी शिलेदारांची पोरं प्यायला बसत, आणि जो बसत नसे तो भित्रा ठरे. मीही बसलो. परतताना पुण्याआधीचा शेवटचा मुक्काम लोणीला पडे. तिथे भांडी घासायची, चुळा भरायच्या, विडा खायचा आणि झालं गेलं विसरून शहरात शिरायचं, असा आमचा नेमच होता. पेठेत मी सोवळा आणि छावणीत पिणारा – यात माझं स्वतःचं काय होतं?

गोविंदा माझा मावसभाऊ. नुकतंच मिसरूड फुटलेलं, लग्न ठरलेलं. पुढच्या मोहिमेला मावशीने त्याला माझ्या स्वाधीन केलं. "त्याला काही कळत नाही रे, तू लक्ष ठेव," म्हणाली. मी लक्ष ठेवलं – म्हणजे काय केलं? पोरांनी पुढे केलेला पेला तो परतवत होता, पोरं त्याला हसत होती, आणि त्याच्यापायी मलाही हसतील अशी मला धास्ती. शेवटी मीच भरून त्याच्या हातात दिला. म्हटलं, "घे. दूध प्यायलास म्हणून सांगेन मावशीला." सगळे हसले. त्याने डोळे मिटून घोट घेतला.

लोणीला आम्ही चुळा भरून मोकळे झालो. गोविंदाला ते जमलं नाही. पुण्यात आल्यावर तो गुपचूप शहराबाहेरच्या कलालाच्या गुत्त्यावर जाऊ लागला, आणि एकदा परतताना नाक्यावर कोतवालाच्या माणसांनी धरला.

प्रकरण ब्राह्मणसभेपुढे गेलं. मी नात्याने थोरला भाऊ, शिवाय एकाच पागेतला, म्हणून मला बोलावणं आलं. प्रश्न साधा होता – ही सवय याला मोहिमेत दुसऱ्याच्या आग्रहाने लागली, की याने आपण होऊन धरली? आग्रहाने लागली असं ठरलं असतं तर प्रायश्चित्त घेऊन तो सुटला असता. पंचगव्य, थोडे उपास, की पुन्हा पंक्तीत. पण मग आग्रह कोणाचा, हेही विचारलं गेलं असतं. गोविंदाने माझं नाव घेतलं नव्हतं. तो नुसता माझ्याकडे बघत होता. मी बोलेन, अशी त्याची खात्री असावी.

मी म्हणालो, "आमच्या पागेत असलं काही चालत नाही. याने कुठून उचललं, देव जाणे."

भीती वाटली होती का? वाटली होती. पण आवाज कापला नाही हो – आणि त्याचीच मला अजून लाज वाटते.

त्याला पंक्तीबाहेर केलं. ठरलेलं लग्न मोडलं, पागेतली चाकरी गेली. मग तो उघड पिऊ लागला. आता लपवायचं कोणासाठी? पोरगा मुळातच वाईट, असं आळीतले म्हणत. ते म्हणत तेव्हा मी मान डोलवत असे.

पुढच्या गणेश चतुर्थीला मावशीने मला जेवायला बोलावलं. गोविंदाचं पान मागच्या पडवीत, एकट्याचं मांडलं होतं. मला मोदक वाढता वाढता मावशी म्हणाली, "तू बरोबर होतास, म्हणून मी निर्धास्त होते रे." मग डोळे पुसून म्हणाली, "तू काय करणार म्हणा. तू तरी नीट राहिलास." पडवीत हे सगळं ऐकू जात होतं. गोविंदा एक शब्द बोलला असता तर त्याची आई त्याला परत मिळाली असती. तो खाली मान घालून जेवत राहिला.

आणखी वाढू का, म्हणून मावशीने विचारलं. मी वाढ म्हणालो, आणि पोटभर जेवलो.