उपाशीपोटी समुपदेशन

फिनेलचा वास आला की मला वर्ध्याच्या दवाखान्यातली समुपदेशक मॅडमची ती छोटी खोली आठवते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी वर्गात शिरलं की छातीत धडधड सुरू व्हायची आणि मी कॉलेज सोडायच्या बेतात होतो. आमच्या घरातून असल्या ठिकाणी आधी कोणीच गेलेलं नव्हतं, म्हणून रक्त तपासतील या हिशेबाने मी देवळीहून उपाशीच निघालो. आईने जुन्या एक्स-रेची पिशवीही सोबत घेतली. मॅडमनी पिशवी उघडली नाही, मी उपाशी आहे हे कळल्यावर आधी मला आईने आणलेला डबा खायला लावला. मग आईला बाहेर बसवून म्हणाल्या, "तुला मला काही विचारायचंय?" मी चाचरत विचारलं, "इथलं बोलणं आईले सांगाल का?" "तुझ्या जिवाला धोका वाटला तरच. आणि तीन-चार भेटींत माझ्याशी जमलं नाही, तर सांग. दुसरं कोणी शोधू." बाहेर आलो तर आई म्हणाली, "गोळ्या नाई देल्या? मंग तासभर काय करून राह्यला होता?" "बोलून राह्यलो होतो." "बोलाले घरी मी नाई का?" आता मी शेवटच्या वर्षाला आहे. त्या मॅडमना 'तुम्ही नको' म्हणायची मला मोकळीक होती, कदाचित म्हणूनच मी तेव्हा पुढच्या मंगळवारी पुन्हा गेलो.