खारबंदिस्तीवरचे पाहुणे

रत्नागिरी जिल्ह्यात सरकारवर अढळ श्रद्धा असलेला एकच पुरुष होऊन गेला, आणि मी त्याच्या घरात भाड्याने राहत होतो. देवावर मात्र आमच्या घरमालकांची श्रद्धा नव्हती. देवाकडे काही मागितले तर पोच मिळत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती. सरकारही देत काही नाही, पण पोच देते.

त्यांची सारी नोकरी खारबंदिस्तीवर ओव्हरसियर म्हणून गेली. खाडीचे खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून सरकार मातीचे जे बांध घालते, त्यांची देखरेख म्हणजे खारबंदिस्ती. निवृत्त झाल्यावर बांध सुटले, पण बांधाचा सिद्धांत सुटला नाही. मला सर्दी झाली की ते पडवीतून ओरडत, "बांध उशिरा घातलात, मास्तर!" आमच्या घरात एकदा दूध उतू गेले. माझी बायको फडके घेऊन ओटा पुसत होती, तर हे खिडकीत उभे. "वहिनी, ह्याला पंचनामा म्हणतात. शेगडीजवळ उभं राहणं, तो बांध." गल्लीतल्या गटाराची खोली ते छत्रीने मोजत आणि नगरपालिकेला कळवत. जगात दोनच प्रकारची माणसे आहेत, पाणी येण्याआधी हालणारी आणि नंतर हळहळणारी, असे त्यांचे मत होते. दुसऱ्या प्रकारात ते सगळ्या घाटावरच्यांना घालत. मी घाटावरचा.

त्यांचे वडील संगमेश्वराकडच्या एका गावचे मानकरी. शिमग्यात देवापुढे गाऱ्हाणे घालायचा मान त्यांचा. गाऱ्हाणे म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते, तेव्हा घरमालकांनी ते अत्यंत तुच्छतेने समजावून दिले. "एकाने नारळ ठेवून देवाकडे मागत सुटायचं आणि दर मागणीला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून ओरडायचं. सूचक नाही, अनुमोदक नाही, मतदान नाही. असा कारभार असतो काय, मास्तर?" गणपतीतही आरत्या सुरू झाल्या की ते पडवीत वर्तमानपत्र घेऊन बसत. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, आतून सगळ्या आरत्या पाठ म्हणत आणि प्रसाद आणून त्यांच्या वर्तमानपत्रावर ठेवत. तो ते खात. प्रसादाशी त्यांचे भांडण नव्हते.

त्याच काकू एके दिवशी दुपारी आमच्या दारात आल्या आणि खालच्या आवाजात मला म्हणाल्या, "भाऊ, आमच्या माजघरात एक गृहस्थ बसलेत. माणूस बरा दिसतो. पण घरात पुरुषमाणूस नाही हो. त्यांना जरा पडवीत बसायला सांगाल?" मी घाईने गेलो. माजघरात घरमालक बसले होते. मला पाहून त्यांनी मान हलवली, चप्पल घातली आणि मुकाट्याने पडवीत जाऊन बसले. थोड्या वेळाने काकू कपबशी घेऊन बाहेर आल्या. "घ्या पाहुणे. कोणाकडचे तुम्ही?"

"मी खारबंदिस्तीवरचा," घरमालक म्हणाले.

"हो का? आमचे हेपण तिथेच असतात."

घरमालक शांतपणे चहा प्यायले. मग हा रोजचाच क्रम झाला. दुपारी दार वाजवायचे, पाहुणे म्हणून चहा घ्यायचा, कोणाकडचे ते सांगायचे. काकू आम्हा सगळ्यांची नावे विसरल्या, पण पाहुण्याला चहा द्यायला कधी विसरल्या नाहीत.

गावातल्या डॉक्टरांनी सांगितले, वयोमान. घरमालक भडकले. "वय माझं जास्त आहे, मग मला का नाही झालं?" शेजाऱ्यांनी अंगारे सुचवले. एका शहाण्याने गावातल्या वेड्यांच्या इस्पितळाचे नाव काढले, त्याला ह्यांनी छत्री घेऊन फाटकापर्यंत पोचवले. शेवटी मुंबईला मुलीकडे नेऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी आजाराचे एक इंग्रजी नाव सांगितले आणि ह्यावर औषध नाही, असेही सांगितले. हा का होतो तेच अजून कळलेले नाही. परदेशात सरकारे आता त्याच्या अभ्यासाला पैसा देऊ लागली आहेत, इकडे अजून काही नाही. शोकाने खचून जावे असे हे बोलणे. घरमालक परत आले ते कमालीच्या उत्साहात. "मास्तर, म्हणजे नुसता बांध घालायचा राहिलाय!"

मग कचेऱ्या सुरू झाल्या. मलेरियावाले येऊन भिंतीवर गेरूने तारीख लिहून जातात, क्षयाला दवाखाना आहे, कुष्ठरोगाला तपासनीस आहेत. मग विसरण्याला का नाही? प्रत्येक साहेब आदराने खुर्ची देई आणि विचारी, "पण हे कुठल्या लेखाशीर्षाखाली बसतं?" ते कुठेच बसत नव्हते. घरमालकांना त्या प्रश्नाचा राग येत नसे. उलट, साहेबाने मुद्द्याला हात घातला म्हणून ते खूश होऊन घरी येत.

अशात सरकारी इस्पितळाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला मंत्री येणार असे जाहीर झाले. मंत्री कोकणातलेच. घरमालकांनी भाषण बसवले आणि माझ्यावर त्याच्या तालमी केल्या. विसरणाऱ्यांसाठी एक खोली, एक डॉक्टर. आणि मुख्य म्हणजे तिसरी मागणी, माणसे विसरायला का लागतात हे शोधायला आणि विसरण्याआधी अडवायला सरकारने कायमचा पैसा बाजूला ठेवावा. तिसऱ्या मागणीशी त्यांचा आवाज दर वेळी चढे.

समारंभाला आम्ही पुढच्या रांगेत होतो. काकूंना घरी एकटे ठेवता येत नव्हते, म्हणून त्या आमच्या मध्ये. हारतुरे झाले, मंत्र्यांनी फीत कापली आणि आरोग्य हेच धन असल्याचे जाहीर केले. घरमालकांनी हात वर केला. संयोजक धावत आला. "काका, प्रश्न नाहीत. निवेदन असलं तर पीएंकडे द्या." हात खाली आला. मला वाटले, संपले.

आणि मग ह्या माणसाने, ज्याने जन्मात देवाला हात जोडले नव्हते, उभे राहून व्यासपीठाकडे हात जोडले आणि खणखणीत हेल काढला:

"बा सरकार म्हाराजा!"

मी खुर्चीत आक्रसलो. मागून साऱ्या मांडवाने एका आवाजात उत्तर दिले, "व्हय म्हाराजा!" कुणी ठरवून दिले नव्हते. जन्मभराची सवय, तोंडातून निघून गेले.

"मलेरियाला फवारा दिलास, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"खाजणाला बांध दिलास, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आता ह्या इस्पितळात एक खोली दे, म्हाराजा! एक डाक्टर दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या खेपेला आवाज लाउडस्पीकरमधून आला. मंत्री उभे होते, हात जोडलेले, डोळे मिटलेले. कलेक्टर परप्रांतातले होते. त्यांना ही मंत्रिमहोदयांची घोषणा वाटली आणि त्यांनी ती लगेच टिपून घेतली.

आता तिसरी मागणी. घरमालकांनी श्वास भरून घेतला. तेवढ्यात माझ्या शेजारून, दर ओळीला मांडवाच्या किंचित आधी 'व्हय म्हाराजा' म्हणणाऱ्या काकूंनी, त्यांचे धोतर ओढले.

"अहो," त्या म्हणाल्या, "नारळ आणायला विसरलात."

घरमालक तोंड उघडे ठेवून त्यांच्याकडे पाहत राहिले. मग खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आभार सुरू झाले. मी कासावीस होऊन कुजबुजलो, "अहो, मुख्य मागणी राहिली! उठा!"

"अहो म्हणाली," ते म्हणाले. "मास्तर, मला अहो म्हणाली."

"ते झालं. पण पैशाचं?"

"काय बोलायचं होतं तेच आठवत नाही बघा," असे म्हणून त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. काकूंनी त्यांच्याकडे एकदा पाहिले, आणि मला हळूच विचारले, "हे पाहुणे रडतात कशाला?"

सरकारने शब्द पाळला, हा मला बसलेला शेवटचा धक्का. काही महिन्यांनी इस्पितळात एका खोलीला रंग लागला, दारावर पाटी आली आणि डॉक्टर रुजू झाले. खोली कशासाठी आणि डॉक्टर कशाचा, हे गाऱ्हाण्यात आलेच नव्हते. पहिल्याच दिवशी घरमालक काकूंना घेऊन गेले, सोबत मी. घरमालकांच्या हातात नारळ होता. डॉक्टर डोळ्यांचे निघाले. घरमालकांनी नारळ टेबलावर ठेवला, काकूंना खुर्चीवर बसवले आणि स्वतः भिंतीशी जाऊन उभे राहिले.

डॉक्टर तरुण होते, मन लावून तपासत होते. तक्त्यावरची बारीक अक्षरे काकूंनी धडाधड वाचली. मग डॉक्टरांनी भिंतीकडे बोट दाखवून विचारले, "आजी, तिकडे कोण उभं आहे, दिसतं का?"

"न दिसायला काय झालं? खारबंदिस्तीवरचे पाहुणे ते. रोज चहाला येतात."

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिले: नजर उत्तम.