पिवळ्या गोळीची चिंधी

शुक्रवार पेठेतल्या शहाजादीभाभीचा विषय निघाला की लोक तिच्या फेट्यांबद्दल बोलतात. फेटे होतेच तसे. पण मी, कृष्णात कंपाउंडर, सांगणार ते वेगळं. भाभीनं मला भरल्या दवाखान्यात गप्प केलं होतं, आणि माझ्यासारख्या तोंडाळ माणसाला गप्प करणं म्हणजे काय, ते माझ्या बायकोला विचारा.

भाभी रंगारीण. नवरा गौस वारल्यावर रंगाची भट्टी तिनंच चालवली, मदतीला नणंद सुगरा. लांबच लांब कापड उकळत्या रंगात बुडवायचं, पंचगंगेवर नेऊन धुवायचं, मग दोघींनी दोन टोकं धरून पीळ द्यायचा. वीस वर्षं पिळून पिळून भाभीच्या मनगटांचा चोथा झाला. सकाळी पाण्याचा पेला उचलायचा तर दोन्ही हात लागायचे. मग आमच्या डॉक्टरांनी तिला सांधेदुखीच्या गोळ्या सुरू केल्या. बाई पुन्हा भट्टीवर उभी राहिली आणि चार वर्षं कशाला कुरकुरली नाही.

चौऱ्याहत्तर साली, माघ महिन्यात, आमच्याकडचा गोळ्यांचा डबा बदलला. औषधाचं नाव तेच, कंपनी दुसरी. जुनी गोळी पांढरी, खडूसारखी. नवी पिवळीधमक आणि गुळगुळीत. भाभीनं पुडी उघडून विचारलं, हे काय वेगळंच? मी ऐटीत उत्तर दिलं, "नाव एक, औषध एक. रंगाला काय चाटायचंय?"

आठवड्यात तिच्या अंगभर पित्ताच्या गांधी उठल्या. ओठ सुजले, खाजवून खाजवून दंड लाल झाले. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांचा भट्टीतला रंग आता अंगाला बाधतोय, काम थांबवलेलं बरं. मीही शहाण्यासारखी मान डोलावली. गोळी बदलली तेव्हापासूनच का, हे विचारायला आपल्या बापाचं काय जात होतं? पण विचारलं नाही.

भाभीला मात्र काम थांबवणं परवडणारं नव्हतं. मुरगूडच्या सयाजीरावांच्या घरी वैशाखात लग्न होतं आणि साठ फेट्यांचं काम तिनं अंगावर घेतलं होतं. सुगराला तर आयतंच कारण मिळालं. भट्टी विकू आणि जयसिंगपूरला माझ्या लेकाकडं जाऊन राहू, असा तिचा लकडा. भट्टी विझली की उरलेला जन्म दुसऱ्याच्या चुलीपाशी, दुसरा देईल ते खात बसायचं, हे भाभीला दिसत होतं. या एका गोष्टीला ती भ्यायची.

तिनं दहा दिवस भट्टी पेटवली नाही. रंगाला बोट लावलं नाही. गोळ्या तेवढ्या वेळेवर घेतल्या. तरी गांधी जशाच्या तशा. तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला.

रंगाऱ्याच्या घरात एक रीत असते. बाजारातून रंगाची नवी पुडी आणली की आधी कापडाची चिंधी बुडवायची, वाळवायची, उन्हात धरून बघायची, मगच भट्टीला हात घालायचा. भाभीच्या दारात अशा चिंध्यांची माळच लटकत असे.

सोमवारी दवाखाना गच्च भरलेला असताना ती आली आणि दोन रेशमी चिंध्या तिनं माझ्यासमोर ठेवल्या. दोन्ही पिवळ्या, सख्ख्या बहिणी वाटाव्यात अशा. एक तिनं आमच्या गोळीवरच्या रंगात लिंबू पिळून रंगवली होती, दुसरी हलवायाकडून आणलेल्या जिलेबीच्या रंगात. आता भाभी जिलेबीला शिवत नाही, हे साऱ्या पेठेला ठाऊक. भावाच्या लग्नात खाल्ली तेव्हा तोंड भोपळ्याएवढं सुजलं होतं. लोक म्हणायचे, नखरे आहेत. म्हणणाऱ्यांत मी पहिला. सुती फेट्यांचा पिवळा निराळा, तो तिला कधीच बाधला नव्हता.

"कंपाउंडर," ती म्हणाली, "नाव एक हाय म्हणून आमी पुडी एक धरत न्हाई. चिंधी बुडवल्याबिगर साठ फेटे भट्टीत कोण घालतंय? तुमी तर सरळ माज्या पोटात घातलंसा की."

बाकावरची माणसं माझ्याकडे बघायला लागली. वाद न घालता मी चिंध्या डॉक्टरांकडे नेल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

डॉक्टर माणूस मोठा. चिंध्या खिडकीच्या उजेडात धरून ते म्हणाले की रंग दिसायला सारखा असणं हा पुरावा नव्हे, पण शंका रास्त आहे. त्यांनी सगळ्या गोळ्या थांबवल्या. अंग स्वच्छ झाल्यावर त्याच डब्यातली गोळी, फक्त वरचं पिवळं धुऊन, आपल्या डोळ्यांदेखत घ्यायला सांगितली. धुवायचं काम कुणाला? मला. आठ दिवस मी नळाखाली ओल्या फडक्यानं गोळ्या पुसत होतो आणि भाभी स्टुलावर बसून अजून पुसा, अजून पुसा म्हणत होती. माझी बोटं पिवळी झाली. तिच्या अंगावर एक गांध उठली नाही.

जुन्या कंपनीचा डबा डॉक्टरांनी मिरजेहून मागवला. त्या दोन चिंध्या मी माझ्या टेबलामागच्या भिंतीवर खिळ्याला लावल्या आणि त्या दिवसापासून प्रत्येक पुडीवर कंपनीचं नाव लिहायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं. लाज वाटली म्हणून.

चैत्रात भट्टी पेटली. एका रविवारी मी घाटावर गेलो, तर सुगरा पाठ धरून पायरीवर बसलेली आणि भाभी ओला फेटा घेऊन गुडघाभर पाण्यात उभी. तिनं एक टोक माझ्याकडे फेकलं आणि धरा म्हणाली. तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो, लहानपणी तालमीत चार दिवस काढलेला. बाईमाणूस, त्यात मनगटं दुखणारी, म्हणून जरा सांभाळूनच धरलं.

भाभीनं पीळ दिला. कापड ताठ झालं, माझे खांदे वळले, पाय शेवाळावरून सटकले आणि मी कपड्यांसकट पंचगंगेत बसलो. घाटावरची धुणी थांबली. सुगरासुद्धा पाठ विसरून हसायला लागली.

भाभी फेटा झटकत म्हणाली, "आता सांगा कंपाउंडर, मनगटं कुणाची गेल्यात?"

मला इतका आनंद झाला होता की मी तसाच पाण्यात बसून राहिलो. साठच्या साठ फेटे लग्नाच्या चार दिवस आधी मुरगूडला पोचले.