धाकट्याच्या दारात

नेव्हेना गावच्या शाळेत स्वयंपाकीण. हात सढळ, जीभ तिखट. बाप गेला तेव्हा तिकडच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या फोटोचं निधनाचं पत्रक दारावर, खांबांवर चिकटवलं. खाली दुःखी नातलगांची नावं. त्यातून धाकट्या भावाचं, मिल्कोचं नाव तिनं मुद्दाम गाळलं. तो स्पेनमध्ये ट्रक चालवायचा, बापाच्या आजारपणात फिरकला नव्हता, याचा राग. दफनाच्या दुसऱ्या दिवशी तो पोचला आणि फाटकावरचं पत्रक वाचत उभा राहिला. नेव्हेना खिडकीतून बघत होती. तो आत न येताच मागे फिरला.

पुढे मिल्को गावातच राहायला आला, पण तिच्याकडे नाही. तिचा राग कधीच विरला होता. उरली होती लाज. सूप ढवळतानाही मनात एकच: तू नीच आहेस. शेवटी ती शहरात रालित्सा नावाच्या समुपदेशक मुलीकडे गेली.

"हा विचार काढून टाक, पोरी. किडका दात काढतात तसा," नेव्हेना म्हणाली.

"तो येणारच, मावशी. हाकलू नका आणि त्याचं ऐकूही नका. तुम्हाला कशी बहीण व्हायचंय, ते सांगा."

एवढ्या लांब येऊन हे ऐकायचं? नेव्हेना चिडली. मग रडत म्हणाली, "चूक तोंडानं कबूल करणारी."

उपवासांआधीच्या क्षमेच्या रविवारी धाकट्यांनी थोरल्यांच्या घरी जायचं, हात चुंबून माफी मागायची, आणि थोरल्यांनी 'देव क्षमा करो' म्हणायचं, अशी रीत. यंदा थोरली नेव्हेनाच हलवा घेऊन निघाली.

"काय गं, आता थोरल्यांनी पाया पडायचं का?" शेजारणीनं कुंपणावरून टोमणा मारला.

नीच आहेस, परत फीर, असं मन बजावत होतं. ती चालत राहिली.

मिल्कोनं दार उघडलं. ती त्याचा हात चुंबायला वाकली, त्यानं तो मागे घेतला.

"तुझं नाव राहून गेलं नव्हतं, मिल्को. मी गाळलं. माफ कर."

"माहीत आहे, ताई. पण 'देव क्षमा करो' हे आज माझ्या तोंडून निघणार नाही. खोटं बोलू का?"

"नको."

तिचं तोंड लाजेनं पेटलं. पळून जावंसं वाटलं, पण पाय हलवले नाहीत.

"बाबांनी शेवटी माझं नाव काढलं होतं का?" त्यानं हळूच विचारलं.

"रोज."

मिल्को उंबऱ्यातच बसला आणि तिच्यासमोर पहिल्यांदा बापासाठी रडला. शरमेनं नेव्हेनाची मान वर होत नव्हती, तरी ती त्याच्याजवळ बसून राहिली.