आनंदामामा बसत नाहीत

भर दुपारी हॉलमध्ये चिटपाखरू नसलं, तरी आनंदामामा उभेच असायचे. पांढराशुभ्र शर्ट, डाव्या हातावर घडी घातलेला नॅपकिन, आणि खांबाशेजारी उभे असूनही खांबाला पाठ टेकलेली नाही. शाहूपुरीतल्या एका लॉजच्या खालच्या रेस्टॉरंटात अख्खी नोकरी त्यांनी अशी काढली. ड्युटीवर असताना तिथल्या खुर्चीत त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. आता मामा नाहीत. पण कुठल्याही हॉटेलात शिरले की माझी नजर अजून आधी खांबाकडे जाते.

विमा कचेरीतली बदली घेऊन मी पुण्याहून कोल्हापुरात आले, तेव्हा पन्नाशीला टेकलेली, लग्न न केलेली आणि स्वयंपाकाचा मनापासून कंटाळा असलेली बाई होते. पहिल्याच दिवशी दारात मॅनेजरनं विचारलं, "मॅडम, एकट्याच?" हा प्रश्न मला जन्मभर पुरलाय! वर म्हणतो कसा, "मग आत फॅमिली रूममध्ये बसा." म्हणजे पडद्यामागच्या त्या कोंदट खोलीत. मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात खांबापासून खणखणीत आवाज आला, "फॅमिली रूम कशापायी? ताई जेवायला आल्यात, लपायला न्हाय. या ताई, खिडकीपाशी बसा निवांत."

त्या दिवसापासून खिडकीपाशची जागा माझी झाली.

मामांची वाढायची एक पद्धत होती. चार जणांच्या टेबलावर ते तांबडा-पांढरा रस्सा वाट्या भरभरून वाढत. मला मात्र अर्धीच वाटी. संपली की पुन्हा अर्धी. रश्श्याच्या जगाखाली दुसरा तळवा धरलेला, टेबलक्लॉथवर थेंब पडायची बिशाद नव्हती. "पुण्याच्या ताई, तांबडा सोसतोय न्हवं? का साखर आणू?" अशी फिरकीही घ्यायचे. मला वाटायचं, बाईमाणूस म्हणून हात आखडता घेतात. एकदा चिडून म्हटलं, "मामा, वाटी भरून वाढा की! माझ्यासाठी कशाला सारख्या खेपा घालताय?"

"खेपा घालाय पायजेत, ताई," ते म्हणाले. "एकट्या माणसाच्या टेबलाला सारकं कोन तरी येत ऱ्हावं लागतंय. न्हायतर घास उतरत न्हाय."

माझ्या डोळ्यांत चटकन पाणी आलं, आणि मी ते तांबड्याच्या तिखटावर ढकललं.

मामांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी कुरुंदवाडला दिलेली. कोडोलीच्या घरात ते एकटेच. त्यांच्या टेबलाला खेपा घालणारं कुणी नव्हतं. टेबलच नव्हतं म्हणा ना. भटारखान्यात उभ्या उभ्या चार घास खाऊन ते पुन्हा हॉलमध्ये यायचे. मी कितीदा म्हटलं, "आज हॉल रिकामा आहे. बसा समोर, दोघं मिळून जेवू." ते कानाच्या पाळीला हात लावायचे. शेवटी एकदा कारण सांगितलं. नवीन नोकरीला लागले होते तेव्हा अशाच रिकाम्या हॉलमध्ये ते ताट घेऊन बसले. तेवढ्यात एक म्हातारा पाहुणा दारात आला. मामांना जेवताना बघून म्हणाला, "जेवा, जेवा, उठू नका," आणि आल्या पावली परत गेला.

"दारात आलेला मानूस माझ्यापायी उपाशी गेला की ओ," मामा म्हणाले. "मी भायेर पळत गेलतो, पर घावला न्हाय."

मामा निवृत्त झाले तेव्हा मालकांनी शाल-श्रीफळ दिलं आणि हौसेनं त्यांना मधल्या टेबलावर बसवून ताट वाढलं. मी मुद्दाम रजा काढून गेले होते. दार उघडलं की मामा अर्धवट उठायचे. पुन्हा बसायचे, पुन्हा उठायचे. शेवटी एक कुटुंब आत आलं, आणि हा सत्कारमूर्ती शाल बाजूला ठेवून सरळ पाण्याचा जग घेऊन त्यांच्याकडे गेला. सगळे हसले. मला मेलं रडू येत होतं.

पुढे एका रविवारी दुपारी त्यांनी मला कोडोलीला जेवायला बोलावलं. मटण स्वतः शिजवलेलं. घरातली एकुलती खुर्ची पुसून मला बसवलं.

"तुमचं ताट?"

"मागनं जेवतो की मी."

"अहो मामा, ड्युटी संपली आता!"

"ड्युटी संपली व्हय. पर पायास्नी कोन सांगायचं?"

अर्धी वाटी, पुन्हा अर्धी वाटी. त्यांच्या स्वतःच्या घरात मी जेवत होते आणि ते भिंतीला पाठ न टेकता उभे होते. इतकं चविष्ट जेवण मला कधी इतकं जड गेलं नव्हतं. मी निरोप घेऊन निघाले. एसटी स्टँडवर पोचल्यावर लक्षात आलं, चष्मा तिथंच राहिला.

परत आले तर दार उघडंच होतं. मामा ओट्यापाशी उभे राहून जेवत होते. पाठ ओट्याकडे, तोंड दाराकडे, ताट डाव्या हातात. मला बघताच त्यांनी ताट खाली ठेवलं, घाईनं हात पुसला.

"काय ऱ्हायलं, ताई?"

"जेवायचं राहिलं," मी म्हटलं.

मांडणीतून एक ताटली घेतली, भाकरीचा तुकडा आणि रस्सा घेतला, आणि त्यांच्या शेजारी ओट्याला टेकून उभी राहिले. ते खुर्ची ओढायला लागले.

"खुर्ची नको. उचला ते ताट."

त्यांनी ताट उचललं. घास केला, आणि सवयीनं पुन्हा दाराकडे बघत थांबले. तो घास तसाच हातात. मी गेले आणि दार लोटून घेतलं.

"जेवा मामा. आता कुणी यायचं राहिलं नाही."

त्यांनी घास तोंडात घातला. मग आम्ही दोघं जेवलो.